फाटकातून दिसणारी कबर

मला पुढाऱ्यांच्या पूर्वजांचा भयंकर वैताग आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की वसुंधराबाई एकदम का भडकल्या. कुठल्याशा दूरच्या देशात कोणी मंत्री होतो, त्याच्या आडनावाला जरा आपल्याकडचा वास येतो, की लगेच इथे पेढे वाटायला सुरुवात. त्या माणसाला आपलं गाव नकाशात दाखवता येणार नाही, आपली भाकरी त्याच्या घशाखाली उतरणार नाही, तरी तो आपला. आणि शेजारच्या गल्लीत सात पिढ्या काढलेल्या माणसाला मात्र निवडणूक आली की विचारायचं, तुम्ही मूळचे कुठले?

हा प्रश्न मुबीनाबाईंनी आयुष्यभर ऐकला. मुबीना मुकरी. पनवेलच्या आमच्या शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या आणि मी मराठी. स्टाफरूममध्ये आमचं कपाट एक, चहाचा थर्मास एक, हेडमास्तरांवरचा राग एक. पण तीस-पस्तीस वर्षांत आम्ही अगं-तुगंवर आलो नाही. त्या मला वसुंधराबाई म्हणतात, मी त्यांना मुबीनाबाई. अंगाने काटकुळ्या, डोक्यावरून घट्ट घेतलेली ओढणी, आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरची पोरं गप्प व्हावीत. नवीन बदलून आलेले शिक्षक त्यांचं शुद्ध मराठी ऐकून चकित व्हायचे आणि हटकून विचारायचे, ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ मुबीनाबाई म्हणायच्या, ‘उरण नाक्याच्या. तुम्ही?’ समोरचा सांगलीचा नाहीतर अकोल्याचा असायचा.

त्यांचे वडील बाजारात दोरखंड आणि जाळी विकायचे. ते लवकर गेले. थोरला भाऊ ताहेर मस्कतला नोकरीला गेला आणि घरी राहिल्या मुबीनाबाई आणि त्यांची अम्मा. लग्नाची स्थळं आली, नाही असं नाही. एकाने शाळा सोडायची अट घातली, दुसऱ्याने अम्माला भावाकडे पाठवायची. मुबीनाबाईंनी दोघांनाही चहा पाजून वाटेला लावलं. अम्माची दृष्टी साखरेने गेलेली. रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर मुबीनाबाई तिला पेपर वाचून दाखवायच्या. अम्माला राजकारण नको असायचं. बाजारभाव आणि कोण वारलं ते सांग, बाकी ठेव, असं तिचं म्हणणं. मी कधी गेले तर म्हातारी माझे हात चाचपून बघायची आणि म्हणायची, ‘बारीक झालीस.’ मी आयुष्यात कधी बारीक झालेली नाही.

अम्मा गेली ती आषाढात. ताहेरभाई मस्कतला. त्यांच्या मोहल्ल्याच्या रिवाजाप्रमाणे बायका कब्रस्तानात जात नाहीत. दुसऱ्या गावांत जातात म्हणे, कुठे जातात कुठे नाही, मला त्यातलं कळत नाही. इथे मयत घरातून निघाली की बायकांनी दारापर्यंत यायचं. इतक्या वर्षांची सोबत दारात संपली, असं मुबीनाबाई मला नंतर म्हणाल्या होत्या. शेजारपाजारचे पुरुष अम्माला घेऊन गेले आणि भर पावसात माती देऊन आले.

ताहेरभाई पुढच्या सुट्टीत आले. आल्या दिवशीच ते कब्रस्तानात गेले, मुबीनाबाई फाटकाशी थांबल्या. थोड्या वेळाने ते परत आले आणि गजांतून हात करून म्हणाले, ‘तो चाफा दिसतो ना? त्याच्या बुंध्याशी. उजव्या हाताला.’

तिथल्या कबरी सगळ्या कच्च्या. ना दगड, ना नाव. पावसाने माती बसते, वर चार पावसाळे गेले की उंचवटासुद्धा राहत नाही आणि पुढेमागे तीच जागा दुसऱ्या कोणाच्या कामी येते. मुबीनाबाईंना त्याचं दुःख नव्हतं. माती मातीत गेली, तिला पाटी कशाला, म्हणायच्या. पण तोंड कुठे करायचं ते माणसाला कळायला हवं, आणि ते त्यांना चाफ्याने सांगितलं. तेव्हापासून दर जुम्मेरातीला शाळा सुटली की त्या फाटकाशी उभ्या राहायच्या, चाफ्याकडे बघून फातिहा पढायच्या आणि मग अम्माला आठवड्याच्या बातम्या सांगायच्या. बाजारभाव आणि कोण वारलं. कितीदा तरी मी सोबत असायचे, दोन पावलं मागे, भाजीची पिशवी धरून. आता मी मुलाकडे खारघरला चौदाव्या मजल्यावर टांगलेली असते, तरी गुरुवारी जमेल तेव्हा रिक्षा करून येतेच.

गेल्या वर्षी पेपरात बातमी आली. हिंदी महासागरातल्या एका बेटावरच्या देशाच्या नव्या उपपंतप्रधान ‘मूळच्या पनवेलच्या’. देशाचं नाव मी लिहीत नाही, त्या बिचाऱ्यांचा यात काही दोष नाही. बाईंच्या वडिलांचे आजोबा इथल्या मोहल्ल्यातून जहाजावर खलाशी म्हणून गेले आणि तिकडेच राहिले. म्हणजे आठ पणजी-पणजोबांतला एक आपला. रुपयातले दोन आणे. बाकीच्या चौदा आण्यांत एक फ्रेंच नावाडी होता, एक चिनी वाणी होता, मळ्यांवर गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकेतले लोक होते, एक तमिळ पणजी होती. पण आपल्याकडे दोन आणे म्हणजे पुष्कळ. आमच्या पेपरात मथळा आला, ‘पनवेलची लेक झाली उपपंतप्रधान’. दुसऱ्या दिवशी उरणच्या कोणीतरी दावा लावला की तो खलाशी उरणचा. मग आठवडाभर दोन गावं त्या मेलेल्या माणसावरून भांडत होती.

आणि मग खबर आली की बाई स्वतः येतायत. मुंबईत कसलीशी परिषद होती, त्यातून अर्धा दिवस काढून पूर्वजांचं गाव बघणार होत्या. झालं! स्वागत समिती निघाली. तिचा अध्यक्ष आमचाच विद्यार्थी इंद्रजीत, आता नगरसेवक. मोहल्ल्याच्या बाजूने सगळी व्यवस्था ताहेरभाईंकडे. ते मस्कतहून कायमचे परतले होते, वेळ होता, सफारी घालून मिरवायची हौसही होती. दुभाषी म्हणून मुबीनाबाईंचं नाव कोणी सुचवावंच लागलं नाही. त्या खूश होत्या. मला म्हणाल्या, ‘निवृत्तीनंतर पहिल्यांदा कोणीतरी माझं इंग्रजी मागितलं.’ त्यांनी चक्क नवीन चष्मा केला.

त्यानंतरच्याच जुम्मेरातीला आम्ही फाटकाशी गेलो आणि बघतो तर चाफ्याखाली विटांचा ढीग, वाळू, आणि एक गवंडी ओळंबा धरून बसलेला. जमिनीवर चुन्याची चौकट आखलेली. मुबीनाबाई फातिहा पढायच्याच थांबल्या.

‘ओ गवंडी! इकडे या जरा!’

तिसऱ्या मजल्याचा तो आवाज. गवंडी हात झटकत आला. काशिराम नाव, चिरनेरकडचा.

‘काय बाय?’

‘तिथं काय बांधताय?’

‘चौथरा. वर्ती संगमरवर बसवाचा हाय. ती परदेशची मंत्रीन येते ना, तिच्या खापरपणज्याची जागा हाय म्हनं.’

‘माझ्या आईची जागा आहे ती.’

काशिरामने एकदा चाफ्याकडे बघितलं, एकदा मुबीनाबाईंकडे. ‘आमाला काय ठाव नाय, बाय. आमाला दाखवला तिथं बांधतो. तुमी ताहेरशेटना इचारा. त्यांनीच तं चुना टाकून दिला.’

मुबीनाबाईंनी फाटकाचा गज धरला. ‘भाईला कोणीतरी फसवलंय,’ त्या म्हणाल्या. ‘भाई असं करायचा नाही. चला, आधी इंद्रजीतकडे.’

इंद्रजीतच्या ऑफिसात त्याच्यापेक्षा त्याचे फोटोच जास्त. आम्हाला बघून तो उठला, वाकून पाया पडला, गार पाणी मागवलं. शाळेत असताना पण असाच होता, गृहपाठ केला नसेल त्या दिवशी हमखास नमस्कार. मुबीनाबाईंनी सगळं सांगितलं. त्याने मान हलवत ऐकलं आणि म्हणाला, ‘बाई, प्रॉब्लेम समजून घ्या. त्यांच्या ऑफिसनं कबरीचा फोटो मागितला. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात म्हणे, खापरपणजोबा, म्हणजे त्या खलाशाचे वडील, इथे एका झाडाखाली आहेत. आता आत झाड एकच. मग आम्ही काय करणार?’

‘कबर सापडत नाही म्हणून सांगायचं,’ मी म्हटलं. ‘आमच्याकडे कबरींवर नावं नसतात, म्हणायचं. त्यात लाज कसली?’

‘असं कसं सांगणार बाई? त्या एवढ्या लांबून येणार. टीव्हीवाले येणार. पनवेलचं नाव आहे. तुम्ही जरा ॲडजस्ट करा ना.’

‘आईला ॲडजस्ट करू?’ मुबीनाबाई म्हणाल्या.

तो ओशाळून हसला. मुबीनाबाईंनी दुसरा प्रश्न टाकला, जो माझ्याही जिभेवर होता. ‘आणि ती बाई आत जाणार?’

‘हो. काझीसाहेबांशी बोलणं झालंय. ते म्हणाले, सरकारी पाहुणी आहे, इलाज नाही.’

‘आणि मी?’

‘तुम्ही घरच्या आहात ना, बाई,’ इंद्रजीत म्हणाला. त्याला वाटलं, आपण गोड बोललो.

पायऱ्या उतरताना मुबीनाबाई पुढे, मी मागे. मी शिव्या घालत होते. मला जेवढ्या येतात तेवढ्या घातल्या, मराठीच्या शिक्षिकेला बऱ्याच येतात. घरचं माणूस म्हणजे ज्याला काही द्यावं लागत नाही ते. पाहुण्याला फाटक उघडं आणि घरची गजाबाहेर. बरं, त्या रिवाजाशी मुबीनाबाईंनी कधी भांडण मांडलं नव्हतं. वाडवडिलांचं आहे, असू दे, म्हणून उभ्या राहिल्या होत्या निमूट. पण मग रिवाज तर रिवाज, तो मंत्र्याला बघून कोपऱ्यात का जाऊन बसतो?

ताहेरभाईंकडे आम्ही पोचलो तेव्हा ते आरामखुर्चीत बसून भाषण पाठ करत होते. त्यांची बायको चहा आणि खारी ठेवून आत गेली. मुबीनाबाई बसल्याच नाहीत.

‘भाई, चाफ्याखाली चुना तू टाकलास?’

‘कमिटीनं ठरवलं.’

‘कमिटीला ठाऊक नव्हतं. तुला होतं.’

ताहेरभाईंनी टोपी काढली, पुन्हा घातली. ‘मुबीना, जमीन ती. आज एकाची, उद्या दुसऱ्याची. वर कोणाचं नाव लागलं म्हणून अम्माला काय फरक पडतो? तिथं ही दुनियेची नावं चालत नाहीत.’

‘मग त्या बाईच्या खापरपणजोबाचंही चालवू नका. काढ तो चौथरा.’

‘आता नाही निघत. संगमरवर उद्या येतोय.’

‘ठीक आहे. मी त्या बाईला सांगते. दुभाषी मीच आहे ना? तोंडावर सांगते तिला, इंग्रजीत, की तू माझ्या आईच्या छातीवर उभी आहेस.’

‘खुदा के वास्ते, असं काही करू नकोस.’

‘का नको करू? तिला पूर्वज हवा म्हणून माझी आई उचलून द्यायची? तू तिचा मुलगा आहेस की नाहीस?’

ताहेरभाई उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि मला वाटलं आता ओरडणार. ओरडलेच. ‘सांग! जा, सांग तिला! पण काय सांगशील? ती अम्माची कबर नाही!’

आत स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला.

मग ते खाली बसले आणि सगळं सांगितलं, जमिनीकडे बघत. भर पावसात टाकलेली ओली माती ते मस्कतहून आले तोवर वाहून सपाट झाली होती. ज्या म्हाताऱ्याने कबर खोदली तो मधल्या काळात वारला होता. माती द्यायला गेलेल्यांना विचारलं, तर एक म्हणाला विहिरीकडे, दुसरा म्हणाला मागच्या भिंतीकडे, तिसऱ्याला फक्त पाऊस आठवत होता. ‘आणि तू फाटकाशी उभी. डोळे सुजलेले. मी परत आलो तशी म्हणालीस, सापडली ना भाई? मी काय सांगणार होतो? नाही सापडली, म्हणू? तिथून एक चाफाच दिसत होता. म्हटलं, चाफा.’

मला त्या माणसाचा राग आला, लगेच त्याची दया आली, आणि दया आल्याबद्दल पुन्हा राग आला. कारण त्याने बहिणीला समजवायला जे केलं तेच आता मंत्रिणीला खूश करायला केलं होतं. फाटकातून जे दिसतं ते दाखवून मोकळा. फक्त पहिल्या वेळी त्यात माया होती आणि या वेळी सफारी होता.

मुबीनाबाईंनी विचारलं, ‘मी इतकी वर्षं कोणापुढे फातिहा पढत होते?’

‘सवाब पोचतो, मुबीना. कुठूनही पढलं तरी ते पुण्य अम्माला पोचतं.’

‘पोचतो ते मला माहीत आहे. मी कोणाशी बोलत होते, ते विचारतेय.’

चहावर साय धरली होती. आम्ही निघालो.

वाटेत मी पुष्कळ बोलले. म्हटलं, तुम्ही दुभाषी म्हणून जाऊच नका, त्यांना होऊ दे फजिती. इंद्रजीतचं इंग्रजी मला माहीत आहे, पाच मिनिटांत दोन देशांचे संबंध तुटतील. मुबीनाबाई हसल्या नाहीत. टपाल नाक्यापर्यंत आल्यावर म्हणाल्या, ‘मी जाणार. शब्द दिलाय.’ आणि थोडं पुढे गेल्यावर, ‘तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपासून ते मी शाळेतून निवृत्त झाले त्या दिवसापर्यंत, सगळं सांगितलं मी तिला तिथं.’ अम्माच्या गुडघ्याचं ऑपरेशन तिच्या हयातीत व्हायचं राहून गेलं होतं. मुबीनाबाईंनी स्वतःचे गुडघे केले तेव्हा फाटकाशी उभं राहून सांगितलं होतं, अम्मा, आता हे ऑपरेशन सोपं झालंय. ते मीही ऐकलं होतं. त्यांची आठवण गडबडली होती, मी दुरुस्त केली नाही.

तो दिवस आला. एसटी स्टँडपासून मोहल्ल्यापर्यंत कमानी. प्रत्येक कमानीवर बाईंचा फोटो लहान आणि इंद्रजीतचा मोठा. गाड्यांचा ताफा थांबला आणि बाई उतरल्या. बुटक्या, सावळ्या, कुरळे केस आखूड कापलेले, साधा निळा झगा. गर्दी जरा हिरमुसली. लोकांना वाटलं होतं कोणीतरी आपल्यासारखं दिसणारं येईल. माझ्या मागे एक बाई म्हणाली, ‘नाक बघा, नाक आपलंच आहे.’ दोन आणे नाकात निघाले, चला.

खरं सांगायचं तर बाई मला आवडल्या. फाटकाशी छोटंसं भाषण झालं, त्या एकेक वाक्य बोलायच्या आणि मुबीनाबाई खणखणीत आवाजात मराठीत सांगायच्या. ‘माझ्या देशात प्रत्येक निवडणुकीत मला विचारतात, तू नक्की कोणाची? चिनी म्हणतात तू आमची पुरती नाहीस, हिंदी म्हणतात तू आमची पुरती नाहीस. आज पहिल्यांदा कोणीतरी मला सांगितलं, की ही तुझी जागा.’ हे मराठीत सांगताना मुबीनाबाईंचा आवाज एकदाच अडखळला. त्यांनी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. टाळ्या पडल्या.

मग बाई आत गेल्या. सोबत काझीसाहेब, इंद्रजीत, ताहेरभाई, कॅमेरेवाले. मुबीनाबाई फाटकाशी थांबल्या, पायांना सवयच ती. चाफ्याखाली संगमरवर चकाकत होता, खापरपणजोबांचं नाव सोनेरी अक्षरांत. सबंध कब्रस्तानात नाव असलेली ती एकच कबर. बाईंनी दगडाला हात लावला, गुडघ्यावर बसल्या आणि रडायला लागल्या. खरं रडल्या. ते बघून मला इतका संताप आला की रडूच आलं. जगात पुढाऱ्यांना सातव्या पिढीचे पूर्वज सापडतात, आणि इथे एका मास्तरणीला तिची आई सापडत नाही.

बाईंना काहीतरी विचारायचं असावं. त्यांनी मागे वळून पाहिलं, दुभाषी नाही. इंद्रजीत पुढे सरसावला, त्याचं त्यांना काही कळलं नाही. मग त्या स्वतःच फाटकाकडे चालत आल्या, मागे सगळी वरात.

‘तुम्ही इथे का उभ्या?’ त्यांनी इंग्रजीत विचारलं.

‘आम्ही इथेच उभ्या राहतो,’ मुबीनाबाई इंग्रजीत म्हणाल्या.

‘तुमचं कोणी आहे का इथे?’

‘माझी आई.’

‘मग या ना. मला दाखवा.’ आणि त्यांनी सरळ मुबीनाबाईंचा हात धरून त्यांना आत ओढलं.

काझीसाहेब आभाळाकडे बघू लागले. इंद्रजीतने कॅमेऱ्यांना खूण केली, हे पण घ्या. ज्या उंबऱ्यावर मुबीनाबाई सारी उमर थांबल्या होत्या तो त्यांनी एका मंत्रिणीच्या हाताला धरून ओलांडला. त्यांची पर्स माझ्याकडे होती. ती घेऊन मीही मागोमाग शिरले, मला तर कोणी काही विचारलंही नाही.

फाटकातून कधीच न दिसलेलं सगळं आता समोर होतं. डाव्या अंगाला विहीर, लांब मागे शेवाळलेली भिंत, मध्ये गवत आणि गवतात कुठे उंच कुठे सपाट अशी माती. मुबीनाबाई एकदा विहिरीकडे बघत होत्या, एकदा भिंतीकडे. ओढणीचं टोक त्यांनी मुठीत गच्च धरलं होतं.

‘कोणती?’ बाईंनी विचारलं.

तेवढ्यात ताहेरभाई पुढे आले, घसा साफ केला, आणि विहिरीजवळच्या एका उंचवट्याकडे हात करून म्हणाले, ‘देअर, मॅडम. अवर मदर.’

मुबीनाबाई हळू आवाजात म्हणाल्या, ‘भाई, हात खाली कर.’

ताहेरभाईंचा हात तसाच हवेत.

‘खाली कर हात. मी रडत नाहीये आता.’

हात खाली आला. सत्तरीचा माणूस, सफारीच्या खिशाला गुलाब लावलेला, तो मान खाली घालून उभा राहिला.

मुबीनाबाई बाईंकडे वळल्या. ‘मला माहीत नाही कोणती. कोणालाच माहीत नाही. आमच्याकडे कबरींवर नाव नसतं. माती बसते आणि विसरली जाते.’

बाईंच्या कपाळावर आठी पडली. ‘पण माझी तर त्यांना सापडली.’

आता सांगतात, असं मला वाटलं. सांगून टाका, मुबीनाबाई. दगड फुटू दे, कमानी पडू देत, इंद्रजीतचं तोंड काळं होऊ दे. मुबीनाबाईंनी चाफ्याकडे पाहिलं, मग त्या बाईच्या ओल्या डोळ्यांकडे. आणि आमच्या शाळेत कच्च्या मुलाला समजावताना त्यांचा जो सूर असायचा, त्या सुरात त्या म्हणाल्या, ‘मॅडम, तुम्ही मंत्री आहात.’

बाई खूप वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग वळून त्या चकाकणाऱ्या दगडाकडे पाहिलं. त्यांना काय कळलं, किती कळलं, ते मला सांगता येणार नाही. चेहऱ्यावर काही दिसू न द्यायची त्या लोकांना सवय असते. त्यांनी डोळ्यांवर काळा चष्मा चढवला, मुबीनाबाईंचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला, आणि त्यांचा अधिकारी घड्याळ दाखवत होता म्हणून गाडीकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, दगडापाशी गुडघ्यावर बसलेला.

गर्दी ताफ्याच्या मागे पळाली. आम्ही दोघीच आत उरलो. मुबीनाबाईंनी हात वर केले, तोंड कोणत्याच एका दिशेला न करता काही पुटपुटल्या, चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘चला.’ फाटकाबाहेर आल्यावर मी त्यांना पर्स दिली. त्यांनी रुमाल काढला, पण तो नुसताच हातात धरून ठेवला.

‘आत गेल्यावर सगळ्यांना मिळून सलाम करायचा असतो,’ त्या म्हणाल्या. ‘केला. जेवढे आहेत तेवढ्या सगळ्यांना केला. पण मला सगळे नको होते हो, वसुंधराबाई. मला माझी अम्मा हवी होती.’